प्लेअर आणि इअरफोन : सोयरीक कशी जमवावी



आपल्याकडे रेडिओ ऐकण्याची सुरुवात कानाला यंत्र लावूनच झाली, हे आज कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनं मुंबईचं केंद्र सुरू केलं. त्या काळचा साधा नि स्वस्त संच म्हणजे क्रिस्टलचा संच. त्याला ना बॅटरी, ना विजेची जोडणी. एक लांब एरियल, जमिनीत पुरलेली एक तार, तारेचं एक वेटोळं आणि गॅलिना नावाच्या खनिजाच्या खड्यावर टेकवलेली सुईसारखी बारीक तार, एवढ्यावर त्याचा संसार. हवेतून आलेल्या लहरींत जी काय इवलीशी शक्ती असेल, तीच कानापर्यंत पोचायची. म्हणून त्याला लावायचे हेडफोन मुद्दाम दोन ते चार हजार ओहमांचे केलेले असत. कोणी हौशी माणसानं त्याऐवजी टेलिफोनचा कमी रोधाचा रिसीव्हर जोडला, तर काही म्हणता काही ऐकू येत नसे. संच तोच, स्टेशन तेच, कानही तेच; पण जोडी जमली नाही, की सगळी मेहनत फुकट.

पुढे ट्रान्झिस्टर आला, १९७९ साली जपानात सोनीचा वॉकमन आला, २००१ साली आयपॉड आला, आणि आता तर खिशातल्या मोबाइलमध्येच सारं गाणं-बजावणं येऊन बसलं. पण जोडी जमवण्याचा प्रश्न काही सुटला नाही. मुलगा-मुलगी दोघंही गुणी असून संसार होत नाही असं आपण पाहतो ना, तसंच महागडा प्लेअर आणि महागडा इअरफोन एकत्र येऊनही गाणं बेचव लागतं. आज त्याच सोयरिकीबद्दल तुमच्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

मी राहतो कांजूरमार्गला. ज्यांनी मुंबई पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : मध्य रेल्वेवर विक्रोळी आणि भांडुप यांच्या मधलं हे स्टेशन. पश्चिमेला उतरलं की पवईची वाट, तिथंच १९५८ साली स्थापन झालेली आय.आय.टी.; पूर्वेला गेलं की द्रुतगती महामार्ग, आणि त्याच्या पलीकडे खाडी नि खारफुटी. जलद गाड्या आमच्याकडे थांबत नाहीत, धडधडत निघून जातात. आम्ही आपले धीम्या गाडीचे प्रवासी. सकाळच्या धीम्या लोकलमध्ये नजर फिरवली तर ज्याच्या त्याच्या कानात बोंडं. कोणी भजन ऐकतो, कोणी बातम्या, कोणी परीक्षेचा अभ्यास. बसायला जागा नसते, हात वर कडीला. तेव्हा करमणूक उरते ती कानाचीच.

आमच्या इमारतीतला एक तरुण असाच रोज फोर्टला नोकरीला जातो. गाण्याचा भारी नाद. बोनसच्या पैशांतून त्यानं ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून एक छोटा म्युझिक प्लेअर घेतला आणि त्याला शोभेल असा, एकेका कानात चार-चार स्वनक असलेला इअरफोनही घेतला. आठवड्यानं माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘काका, यापेक्षा माझं जुनं शंभर-दीडशेचं बरं वाजत होतं हो. तबल्यातला डग्गा जणू कोणी काढून नेलाय.’ आणि मग सहज बोलल्यासारखं म्हणाला, ‘रात्री झोपताना कानात बारीक सूं असं वाजत राहतं.’ पहिलं वाक्य ऐकून मला हसू आलं होतं. दुसरं ऐकल्यावर ते गेलं.

डग्गा कुठे गेला, ते आधी पाहू. आपल्या कानाची नळी मोठ्या माणसात सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते, आणि ती सरळ नसून किंचित वाकडी असते. कानात घालायचा इअरफोन या नळीच्या तोंडाशी बूच बसवल्यासारखा बसला पाहिजे. त्याच्या टोकाला जी रबरी टोपी असते, तिचं काम नुसतं कानाला टोचू नये एवढंच नाही. तिनं हवा कोंडून धरायची असते. खालचे, गंभीर सूर हे त्या कोंडलेल्या हवेवरच उभे असतात. टोपी सैल असली की हवा निसटते, आणि हवेबरोबर डग्गा, पखवाजाचा धुम, तंबोऱ्याचा खर्ज हे सारे निसटतात. वरचे सूर, म्हणजे टाळ, मंजिरी, ‘स’ आणि ‘श’चे उच्चार, मात्र तसेच राहतात, म्हणून आवाज कर्कश आणि पोकळ वाटतो. सायकलच्या पंपाची वादी सुकली की दांडा खालीवर होतो पण चाकात हवा भरत नाही, तसलाच हा प्रकार.

नव्या इअरफोनच्या डब्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा टोप्यांच्या जोड्या असतात. बहुतेक लोक मधली लावलेली असते तीच ठेवतात आणि बाकीच्या डब्यात पडून राहतात. माझं सांगणं, तिन्ही लावून पाहा. आणि दोन्ही कानांना एकच माप लागेल असं समजू नका. डावा कान आणि उजवा कान पुष्कळदा सारखे नसतात. घालताना विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, म्हणजे वाकडी नळी थोडी सरळ होते. मग बोंड आत सारा आणि पाळी सोडा. आता तंबोरा किंवा डग्गा असलेलं एखादं ध्वनिमुद्रण लावा आणि बोंड बोटानं अगदी हलकं आत दाबून पाहा. दाबल्यावर खालचा सूर एकदम भरून आला, तर समजा की टोपी लहान पडते आहे. दाबून काहीच फरक पडला नाही, तर टोपी बसली. फोमच्या टोप्याही मिळतात. त्या बोटांनी चिमटून बारीक करायच्या, कानात घालायच्या आणि फुगेपर्यंत थोडा वेळ धरून ठेवायच्या. गाडीच्या गोंगाटाला त्या चांगल्या. पण घामानं मळतात, आणि काही महिन्यांनी बदलाव्या लागतात.

त्या मुलाच्या डाव्या कानाला मोठी टोपी लागत होती. ती बदलल्याबरोबर निम्मा डग्गा परत आला. निम्माच म्हणतो, कारण उरलेल्या निम्म्याचं कारण दुसरंच होतं, आणि तीच सोयरिकीची खरी गोम आहे.

इअरफोनच्या डब्यावर दोन आकडे छापलेले असतात. विकणारा ते सांगत नाही, घेणारा ते वाचत नाही. पहिला आकडा डेसिबलचा : एक मिलिवॉट शक्ती दिली तर हा इअरफोन केवढा आवाज करील, ते तो सांगतो. शंभर-एकशेपाच असे आकडे नेहमी दिसतात. दुसरा आकडा ओहमचा. तंत्रज्ञ त्याला इंपिडन्स म्हणतात, आपण रोध म्हणू. कानातल्या इअरफोनचा रोध बहुधा १६ किंवा ३२ ओहम असतो. डोक्यावरून घालायच्या काही मोठ्या हेडफोनांचा तो ३०० ओहमही असतो.

आता थोडा हिशोब. शिक्षकांना तो फळ्यावर मांडून दाखवता येईल. १६ ओहमांच्या इअरफोनला एक मिलिवॉट पुरवायला सुमारे ०.१३ व्होल्ट पुरतो. ३०० ओहमांच्या हेडफोनला तेवढ्याच शक्तीसाठी सुमारे ०.५५ व्होल्ट लागतो. खिशातलं यंत्र कमाल एक व्होल्टच्या आसपास देत असेल, तर पहिल्याला ते चिकार झालं आणि दुसऱ्याला जेमतेम. म्हणून लहान प्लेअरला ३०० ओहमांचा हेडफोन लावून ‘आवाजच नाही’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. आणि उलट, कानातल्या इअरफोनसाठी ‘जास्त ताकदीचा’ प्लेअर शोधत हिंडण्यातही अर्थ नाही. त्याला ताकद कधीच कमी पडत नाही. त्याची अडचण वेगळी : तो इतका तरतरीत असतो की यंत्राच्या पोटातली बारीक खरखरसुद्धा तो ऐकवतो. घेण्यापूर्वी गाणं थांबवून, शांत जागी, नुसतं कान देऊन पाहा. सूं असा आवाज येत असेल, किंवा आवाजाच्या पहिल्याच पायरीवर गाणं फार मोठं वाटत असेल, तर ही जोडी नको.

तिसरा आकडा मात्र इअरफोनच्या डब्यावर नसतोच, कारण तो प्लेअरचा असतो. प्लेअरच्या स्वतःच्या आतही एक रोध असतो. तो समजायला पाण्याच्या टाकीचा दाखला घ्या. टाकी भरलेली आहे, पण तिच्यातून निघालेला नळ अरुंद आहे. टोकाची तोटी थोडीशी उघडली तर पाणी जोरात येतं. तोटी सताड उघडली की जोर पडतो, कारण अरुंद नळातून तेवढं पाणी येऊच शकत नाही. कमी रोधाचा इअरफोन म्हणजे सताड उघडी तोटी, आणि प्लेअरचा आतला रोध म्हणजे तो अरुंद नळ. म्हणून जाणकारांचा आडाखा असा, की प्लेअरचा रोध इअरफोनच्या एक अष्टमांशाहून जास्त नसावा. १६ ओहमांच्या इअरफोनला दोन ओहमांचा, किंवा त्याहून कमी रोधाचा प्लेअर.

जोर थोडा पडला तर आवाज वाढवता येईल, त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण खरी मेख पुढे आहे. ज्या इअरफोनमध्ये एकाच पडद्याचा साधा स्वनक असतो, त्याचा रोध सगळ्या सुरांना जवळपास सारखा असतो. तिथे तुमचं म्हणणं बरोबर. पण चार-चार बारीक स्वनकांच्या इअरफोनचा रोध सुरागणिक बदलतो. समजा, एका सुराला तो ८ ओहम आहे आणि दुसऱ्या सुराला ४० ओहम. प्लेअरचा रोध १० ओहम असेल तर पहिल्या सुराला व्होल्टेजचा ४४ टक्के वाटा मिळतो आणि दुसऱ्याला ८० टक्के. म्हणजे पाच डेसिबलचा फरक, तोही गवयानं न केलेला, वादकानं न केलेला! तोच इअरफोन एक ओहमाच्या प्लेअरला लावला तर फरक एका डेसिबलहूनही कमी राहतो. आमच्या इमारतीतल्या मुलाचा उरलेला निम्मा डग्गा यातच अडकला होता. त्यानं काय केलं? प्लेअर परत घेणारा कोणी नव्हता. म्हणून त्यानं इअरफोन मित्राला दिला आणि एका पडद्याचा, ३२ ओहमांचा, कितीतरी स्वस्त इअरफोन घेतला. जोडी जमली. पैशानं मोठं स्थळ सुखाचं असतंच असं नाही, हे आपल्या आयाबायांना दुकानदारांच्या आधीपासून ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा : चांगली जोडी जमली की ध्वनिमुद्रणातले दोषही उघडे पडतात. केसरबाई केरकरांची एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवली गेली. त्यांची नि त्यांच्या पिढीची जुनी गाणी तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरची. त्यांत सुईची खसखस आहे, फार वरचे नि फार खालचे सूर नाहीतच. उत्तम इअरफोननं ती खसखस अधिक स्पष्ट ऐकू येईल. तो इअरफोनचा दोष नव्हे. तसंच, जागा वाचवण्यासाठी फार दाबून बारीक केलेली फाइल असेल तर टाळांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा लागतो. तिला कोणताही इअरफोन सुधारू शकत नाही. आधी चांगली प्रत मिळवा, मग यंत्रावर पैसे घाला.

बिनतारी, म्हणजे ब्लूटूथच्या बोंडांबद्दल थोडक्यात सांगतो. त्यांच्या पोटातच त्यांचा स्वतःचा वर्धक असतो, तेव्हा ओहमांची पत्रिका कारखानदारानं आधीच जुळवलेली असते. तुम्हाला फक्त टोपीचं माप पाहायचं असतं, आणि दोन्ही बाजूंना सामाईक अशी सांकेतिक पद्धत आहे की नाही एवढं विचारायचं असतं. त्यांची बॅटरी काही वर्षांनी थकते, आणि ती बदलून देणारा कारागीर सहसा भेटत नाही. तारेचा साधा इअरफोन नीट जपला तर त्याहून जास्त टिकतो. माझं मत विचाराल तर गावाकडे, जिथं विजेचा भरवसा नाही, तिथं तारेचाच बरा. मात्र पुष्कळ नव्या मोबाइलांना साडेतीन मिलिमीटरचं गोल भोक राहिलेलं नाही; तिथं यूएसबीचा छोटा जोड घ्यावा लागतो, आणि मग तो जोड हाच तुमचा प्लेअर ठरतो. वरचे सगळे नियम त्याला लागू.

आता त्या मुलाच्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ. लोकलच्या खडखडाटात ख्यालाची आलापी बुडून जाते. माणूस आवाज वाढवतो. मग द्रुत लय येते, तान येते, आणि तो वाढवलेला आवाज कानावर आदळतो. पण तोवर कान सरावलेला असतो. सैल टोपीनं हे दुप्पट होतं, कारण बाहेरचा गोंगाट आत येतो आणि आतला खर्ज बाहेर जातो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०१८ सालच्या मानदंडात मोठ्या माणसासाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास अशी मर्यादा धरली आहे, आणि मुलांसाठी ७५ डेसिबलचे ४० तास. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५.

कांजूरमार्ग ते बोरीबंदर, जाऊन-येऊन रोजचे दीड तास धरा. आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे नऊ तास. आवाज ८६ डेसिबलवर असेल तर आठवड्याचं रेशन कसंबसं पुरलं. तो ८९ वर नेला तर ते गुरुवारी सकाळच्या गाडीतच संपलं, शुक्रवार-शनिवार उधारीवर. आणि ही उधारी फेडता येत नाही. आतल्या कानात केसांसारख्या ज्या बारीक पेशी असतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. डॉक्टरांनी त्या मुलाचे कान तपासले, काही दिवस इअरफोन पूर्ण बंद ठेवायला सांगितला. त्याचं सूं थांबलं. सगळ्यांचंच थांबतं असं नाही.

डेसिबल मोजायचे कसे? पुष्कळ मोबाइल आता ते पडद्यावर दाखवतात. नसेल तर साधी रीत अशी : रात्री, घरातली वर्दळ निजल्यावर, सुखाने ऐकू येईल इतका आवाज ठेवा आणि तो आकडा लक्षात ठेवा. गाडीत त्याच्या वर जायचं नाही. तेवढ्यावर ऐकू येत नसेल तर टोपी बदला, फोमची लावा, गोंगाट कापणारा इअरफोन परवडत असेल तर तो घ्या. ते यंत्र गाडीच्या सततच्या घरघरीला चांगलं आवरतं, शेजारच्याच्या अचानक ओरडण्याला तितकं नाही. आणि तरी नाही जमलं तर आलापी घरी ऐकावी, गाडीत बातम्या.

टोपी घट्ट बसते, याचा एक धोकाही आहे आणि तो मी मुद्दाम सांगतो. जे बूच डग्ग्याला आत कोंडतं, तेच बूच मोटरमनच्या भोंग्याला बाहेर ठेवतं. आमच्या स्टेशनातून जलद गाड्या न थांबता जातात, हे मघा बोललो. रूळ ओलांडणं मुळातच गुन्हा आहे आणि जिवावरचंही. कानात बोंडं घालून तर तो विचारही नको. फलाटावर पाय ठेवला की बोंडं खिशात, गाडीत शिरल्यावर कानात, असा नियम करा. गावाकडे हाच नियम रस्त्याच्या कडेनं चालताना, ट्रॅक्टर मागे घेताना, मळणी यंत्राजवळ.

एक किरकोळ पण नेहमीची तक्रार : ‘एक कान मेला.’ बहुतेक वेळा तार तुटलेली नसते. बोंडाच्या तोंडाशी जाळी असते, तीत कानातला मळ बसलेला असतो. टोपी काढा, तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशनं झटका. टाचणी घालू नका, पाण्यानं धुऊ नका. धुवायची ती नुसती टोपी, साबणाच्या पाण्यात, आणि पुरती वाळवून लावायची. पावसाळ्यात बुटांच्या खोक्यातली ती ओल शोषणारी पुडी इअरफोनच्या डबीत टाकून ठेवावी. कान वाहत असेल तर इअरफोन अजिबात नको.

शेवटी एका पत्राचं उत्तर. डहाणू तालुक्यातल्या एका शाळेचे गुरुजी लिहितात की त्यांच्याकडे एक जुना प्लेअर आहे, आणि एकाची पाच भोकं करणारा जोड लावून ते पाच मुलांना एकदम कविता ऐकवतात. पण आवाज फार बारीक येतो, आणि एक मुलगा तर रोज ‘वाढवा, वाढवा’ म्हणतो. गुरुजी, तुमच्या पाचही इअरफोनांचा रोध ३२ ओहम आहे असं धरू. ते समांतर जोडले की सगळ्यांचा मिळून झाला ६.४ ओहम. प्लेअरचा आतला रोध १० ओहम असेल, तर एकट्या इअरफोनला ७६ टक्के व्होल्टेज मिळत होतं, ते आता ३९ टक्के मिळतं, जवळजवळ निम्मं. दोनच लावलेत तर ते ६२ टक्के राहील, तेवढं चालण्यासारखं आहे. शिवाय पाच जणांना एकच आवाज लावला तर त्यातला एखादा इअरफोन जास्त तरतरीत निघतो आणि त्या मुलाच्या कानावर अत्याचार होतो. तेव्हा पाच मुलांसाठी साधा छोटा स्पीकर घ्या. वर्ग लहान असेल तर तेवढा पुरेल, आणि एकमेकांच्या कानातली बोंडं वापरणंही थांबेल.

आता तो ‘वाढवा’ म्हणणारा मुलगा. सगळ्यांचा आवाज बारीक असताना तोच एकटा रोज मागणी करतो, तर त्याला खोडकर समजू नका. आधी त्याला दुसऱ्याचा इअरफोन देऊन पाहा, जाळी साफ करून पाहा. तरीही तो तेच म्हणाला, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांना सांगा. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात मुलांच्या ऐकण्याची तपासणीही धरलेली आहे. पथक येईल त्या दिवशी त्याचं नाव यादीत सर्वांत वर लिहा, आणि तोपर्यंत त्याला स्पीकरजवळ, पहिल्या रांगेत, तुमचं तोंड दिसेल असा बसवा.